वहिनीनं दिलेली वार

पुण्यात मी नेमकं काय काम करते, हे घरी समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. दर सुट्टीत मी नव्यानं सांगायची आणि दर सुट्टीत माय म्हणायची, "म्हंजे तू डॉक्टर नाई, नर्स नाई, मास्तरीन बी नाई. मंग हायेस तरी कोन, बाप्पा?" पुण्यात उलटंच. तिथं तोंडातून चुकून "मले" निघालं की प्रयोगशाळेतली मंडळी खिदळायची. इकडे कळत नाही आणि तिकडे हसतात, त्यामुळे माझं डोकं तेव्हा सदा तापलेलं असायचं. आता वयानं ते निवलं. त्या दिवसांतलं पुष्कळसं धूसरही झालं. कोणत्या साली काय झालं ते मला धड सांगता येणार नाही, पण मध्येच एखादी दुपार अशी समोर येऊन उभी राहते की तिच्यातलं ऊन अंगाला लागतं. अशा दुपारींत बहुतेक वेळा माझी वहिनी असते.

आमचं गाव नांदुऱ्याजवळ. थोडी कपाशी, आणि विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. दादाचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होते. वहिनी कमी बोलायची, हसली तरी पदर तोंडाशी न्यायची. तिची दोन बाळंतपणं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. पहिला मुलगा तिच्या माहेरी झाला, तो पाचवी पुजायच्या आधीच गेला. दुसरी मुलगी मोठ्या दवाखान्यात झाली. तिचं बारसं झालं, ती ओळखून हसायला लागली, आणि एका तापात गेली. का गेली ते कोणी नीट सांगितलं नाही.

मायनं मात्र कारण शोधून ठेवलं होतं. बाळामागून जी वार पडते, ती आमच्याकडे न्हाणीजवळ खड्डा करून पुरतात. हळद-कुंकू वाहून, अख्खीच्या अख्खी. ती घरच्या जमिनीत निजली की लेकराचा जीव घरात रमतो, असं म्हणतात. वहिनीच्या दोन्ही खेपांना वार परक्या ठिकाणी राहिली, एकदा तर दवाखान्याच्या बादलीत गेली. "मंग लेकरू कसं टिकन?" माय म्हणायची. मी तिच्यावर फणफणायची. वहिनी मात्र ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. तिला स्वतःला काय वाटतं याचा थांगपत्ता लागायचा नाही.

तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते त्या दिवाळीत मी घरी आले. संध्याकाळी ओसरीवर ती मेथी निवडत होती आणि मी समोर बसून माझं रडगाणं गात होते. रडगाणं असं, की माणसाच्या अंगात एक एन्झाइम असतं, शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. अंगात शिरलेलं विष निपटणं हे त्याचं काम. वारेत ते भरपूर असतं, कारण आईच्या रक्तातून वाईटसाईट काही बाळाकडे जाऊ नये म्हणून ते तिथं पहाऱ्यावर बसलेलं असतं. त्याचा अभ्यास करायचा तर ते हवं पुष्कळ, आणि माणसाकडून किती म्हणून घेणार? तेव्हा युक्ती अशी, की ते कसं बनवायचं याची खूण वारेतून काढायची आणि जंतूंमध्ये घालायची. जंतू बिचारे ती आपलीच समजून माणसाचं एन्झाइम बनवत बसतात. हे तेव्हा नवं-नवं होतं. सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्यांनी, सगळं मांडून दिलं होतं. घोडं पेंड खात होतं ते वारेपाशी. ती पडल्या-पडल्या गोठवावी लागते, नाहीतर आतली खूण बघता बघता नासते. बाळंतिणींना विचारून शहरातून आम्हाला वार मिळायची, पण हातात येईपर्यंत शिळी व्हायची.

"कोनते जंतू?" वहिनीनं विचारलं.

"आपल्या आतड्यातलेच."

चुलीपाशी मायच्या कानावर गेलं. "शी वं माय! सनासुदीचं काय बोलून राह्यली हे पोट्टी!"

वहिनी पदराआड हसली. मग तिनं विचारलं, वार असते कोणाची, आईची का लेकराची? मी म्हटलं, बरीचशी लेकराचीच. ती पुन्हा मेथीकडे वळली. अंधार पडत आला तरी निवडलेल्याच काड्या निवडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी विहिरीवरच्या वाफ्यात वांगी तोडत होतो. पाटाचं पाणी सोडलेलं होतं, माती भिजल्याचा वास येत होता. टोपली कमरेवर धरून ती एकदम म्हणाली, "बाई, माही वार न्या तुमी."

मला थट्टाच वाटली. "मायले कळलं तं मले जित्ती पुरन ते."

"त्याइले मी सांगन."

"पन तुमाले नाई वाटत का वहिनी, का ते अख्खी पुरली पायजे?"

"वाट्टे न. काऊन नाई वाटनार?" तिनं एक वांगं तोडलं, उगाच पुसलं. "तुमच्या त्या जंतूइत टाकलं का मंग ते मरत नाई म्हनता?"

"जंतू मरतात, पन त्याइची पिल्लं होत राह्यतात. गोठवून ठेवले तं वर्षं-वर्षं राह्यतात. उठवले का उठतात."

"मंग अर्धी घरी पुरू. अर्धी तुमच्याजोळ ठेवा." ती माझ्याकडे बघत नव्हती. "हे लेकरू बी गेलं, तं तिकडं तं राहीन न काई त्याचं."

पाटातलं पाणी वाफा भरून दुसरीकडे फुटलं होतं, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या. मी घाईघाईनं म्हटलं, वहिनी, ते लेकरू नसतं हो, लेकराची एक बारीकशी गोष्ट, एवढीशी, डोळ्यालाही दिसत नाही अशी. "असू द्या एवढीशी," ती म्हणाली, आणि पाणी वळवायला खाली वाकली. पोट घेऊन वाकताना तिला त्रास होत होता. मी तिच्या हातातून फावडं ओढून घेतलं आणि विनाकारण तिच्यावरच खेकसले. रडू आलं की मी खेकसते, हे माझं जुनं आहे.

पौषात मी प्रयोगशाळेतला रिकामा डबा घेऊन परत आले. जाड भिंतींचा, अरुंद तोंडाचा, आत लिक्विड नायट्रोजन भरायचा. नायट्रोजन मिळाला तो गुरांच्या दवाखान्यात. गाई भरवायचं बीज तिथं तसंच गोठवून ठेवतात. तिथल्या डॉक्टरांना मी खरं ते सांगून टाकलं. ते आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसले. "आजवर अशा डब्यातून बैलच गेले," म्हणाले, "जाऊ द्या आता एखादं मानूस बी." डबा त्यांनी काठोकाठ भरून दिला.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते भांडणाचं. वहिनीला दवाखान्यात न्या, असा माझा हेका. माय ऐकेना, आणि खुद्द वहिनीही नको म्हणाली. शेवटी तडजोड झाली, की बाळंतपण घरी, पण आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंच्या हातून, आणि शेजाऱ्यांची जीप दारात उभी. दादा त्या जीपला टेकून दिवसभर विड्या ओढत होता.

भर दुपारी ती मोकळी झाली. ती दुपार मला अजून स्वप्नात येते. माजघरात वेचलेल्या कापसाचा ढीग छतापर्यंत गेलेला, खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाची म्हातारी तरंगतेय, आणि कोपऱ्यात माझा डबा झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ सोडतोय. ती वाफ जमिनीवरून सरपटत कापसापर्यंत जायची आणि नाहीशी व्हायची. आतल्या खोलीतून आवाज येत होते, मग आलेच नाहीत, आणि मग बाळाचं रडणं आलं, चांगलं ठणठणीत, कोणावर तरी रागावल्यासारखं. "पोरगी हाये," नर्सबाई म्हणाल्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

थोड्या वेळानं वार पडली. नर्सबाईंनी ती नीट बघून परातीत ठेवली. माय परात उचलून निघणार, तेवढ्यात बाजेवरून वहिनीचा थकलेला आवाज आला. "आत्याबाई, अर्धी बाईले द्या."

"काय?"

"मी शब्द देल्ला त्याइले. द्या."

म्हणजे इतक्या दिवसांत तिनं मायला काही सांगितलंच नव्हतं! माय एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे, एकदा त्या वाफाळत्या डब्याकडे. "येडी झाली का तू? दोन गेले न वं तुहे! जरा तं भेव धर!"

"भेव हाये म्हनूनच म्हन्ते," वहिनी म्हणाली, आणि डोळे मिटले.

माय ओठ घट्ट मिटून परात घेऊन न्हाणीकडे गेली. मी स्वच्छ केलेलं पातं आणि डबा घेऊन धावत तिच्यामागे. पोचते आणि बघते तो काय, ती मूठभर हळद, कुंकू आणि वरून खडेमीठ वारेवर टाकून मोकळी! माझं महिन्यांचं काम त्या मुठीखाली. "माय!" मी किंचाळले. "काय केलं वं हे!"

"काय केलं म्हंजे?" तीही तेवढ्याच जोरात. "परमुलखात चालली ना ते? मंग तशीच पाठवू का, उघडीबोडकी? सासरी धाडाची पोरगी बी कोनी हळद-कुंकू लावल्याबिगर धाडते का?"

म्हणजे ती द्यायला तयार झाली होती. तिच्या पद्धतीनं तिनं पाठवणी केली होती. हसू की रडू, मला कळेना. वार मी अलगद उलटी केली. खालच्या अंगाला हळद पोचली नव्हती. तिथून आतले तुकडे कापले आणि एकेक करून डब्यात सोडले. चर्र झालं, पांढऱ्या वाफेनं न्हाणी भरून गेली, पलीकडची माय दिसेनाशी झाली. वाफ विरली तेव्हा तिनं हात जोडलेले होते.

"थंडी वाजत असन न तिले?" तिनं विचारलं.

उरलेली वार आम्ही दोघींनी मिळून पुरली.

परतीच्या गाडीत डबा मी दोन पायांमध्ये घट्ट धरून बसले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, दूध आहे का? मी नाही म्हटलं. मग काय आहे? "भाचीचं सामान," म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. बाजाराच्या दिवशी दादा भाजी घेऊन नांदुऱ्याला यायचा आणि तिथून मला फोन लावायचा. पहिला शब्द ठरलेला, "हाये." म्हणजे पोरगी आहे. मग वहिनीचा निरोप सांगायचा, "ते इचारून राह्यली, तुह्याजोळचं कसं हाये?" मी म्हणायची, "हाये." बस्स, एवढंच. पण त्या तुकड्यांना हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. सर विचारायचे, थांबली कशाला आहेस? त्यांना काय सांगणार? पोरगी आधीच्या मुलीच्या वयाच्या पुढे जात नाही तोवर ते फोडायचं नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. मायवर फणफणणारी मी! एका बाजाराला फोन आलाच नाही. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. पुढच्या बाजाराला दादाचा आवाज आला, "हाये बे, हाये. तारच तुटली होती. हासते आता ते, मोठ्यानं हासते."

आधीच्या मुलीच्या वयाच्या पुढे ती गेली होती. दुसऱ्याच दिवशी मी खलात नायट्रोजन ओतून ते तुकडे कुटले. फिकट गुलाबी भुकटी झाली.

पुढे महिनेच्या महिने हाती काही लागेना. जंतू वाढायचे, पण त्यांच्यात आमचं एन्झाइम नसायचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकून त्यांना आवतण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." प्रयोगशाळेतही रीत तशीच होती. संध्याकाळी जंतूंची लहान नळी लावून ठेवायची आणि सकाळी त्यांना मोठ्या फ्लास्कमधल्या खाण्यात सोडायचं. मग मीही रोज संध्याकाळी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, नळीशी पुटपुटायची, आज आवतन घ्या बापा, उद्या जेवाले या. पुणेकरांच्या कानावर गेलं असतं तर माझी धिंडच निघाली असती.

आणि एका सकाळी ते आले. परीक्षा साधी होती. पाण्यासारख्या एका द्रावणात जंतूंचा अर्क टाकायचा, एन्झाइम असेल तर पाणी पिवळं होतं. रोज ते पाणी पाणीच राहायचं. त्या दिवशी नळीच्या तळाशी पिवळेपण आलं आणि माझ्या डोळ्यांदेखत वर चढत गेलं. मी स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले, त्यात लाज कसली! सरांनी शुद्ध एन्झाइमच्या पहिल्या बाटल्यांवर चिठ्ठी लावली, "फक्त प्रयोगशाळेतील संशोधनासाठी." पुढच्या फोनवर मी दादाला म्हटलं, वहिनीला सांग, झालं. "काय झालं?" त्यानं विचारलं. "तू सांग तं खरं," मी म्हटलं, "त्याइले कळते."

पोरगी दुडुदुडु धावायला लागली होती तेव्हा दादाला बियाण्याच्या कामासाठी पुण्याला यावं लागलं. कधी कुठं नेता का म्हणून न विचारणारी वहिनी म्हणे, मी येते. रविवार होता, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. दादा खाली चहा प्यायला गेला. पोरीला कडेवर घेऊन वहिनी माझ्यामागून हळूहळू आत आली, देवळात यावं तशी चपला दाराबाहेर काढून. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही.

उबेच्या यंत्रात फ्लास्क डुलत होते. मी यंत्र थांबवलं आणि एक फ्लास्क बाहेर काढला. कापसाचं बूच, आत ताकासारखं गढूळ पाणी. दिसायला काही म्हणजे काही नाही. मला वाटलं, ही एवढ्या लांबून आली आणि हे बघून हिरमुसणार. तिनं एक बोट काचेला लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम हाये!"

"आपल्या आंगाइतकंच गरम ठेवा लागते त्याइले. त्याहून थंड झालं का मंदावतात."

"हे हिचं?"

"हिचंच."

पोरीनं बूच ओढायला हात पुढे केला. वहिनीनं तो धरला, तसाच हातात ठेवला, आणि फ्लास्ककडे बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल. तिच्या मनासारखं झालं होतं, पोरगी खणखणीत होती, आणि ठेवायला दिलेलंही जगलं होतं. पण तिचा चेहरा बारीक झाला.

"त्या दोघाइचं काऊन नाई ठेवलं हो कोनी?"

काय सांगणार? कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, कोणी विचारलं नाही, बादली भरली आणि गेली. मग जे माझ्या तोंडून निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"वहिनी, हे हिच्या एकटीचं नसते. हे सगळ्याइत असते, अन् सारखंच असते. हिच्यात जे हाये तेच तुमच्यात, तेच माह्यात."

तिनं मान वर केली. "त्या दोघाइत?"

"हेच होतं. हेच."

माणसामाणसात कुठं थोडाफार फरक निघतो, पण तो तेव्हा सांगायचा नव्हता, आणि मी बोलले ते खोटंही नव्हतं. वहिनीनं ते ऐकलं. मनात दोन-तीनदा फिरवून पाहिलं असावं. मग पोरीला माझ्याकडे दिलं, पदराला हात पुसले, आणि दोन्ही हातांनी फ्लास्क घेतला. छातीशी धरला, वरून पदर ओढला. पोरगी माझा चष्मा ओढत होती. फ्लास्क फार वेळ बाहेर ठेवायचा नसतो, पण मी तो परत मागितला नाही.

पदराखाली तोंड नेऊन ती काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं. गेलेल्या मुलीचं नाव होतं ते, घरात कोणी उच्चारत नव्हतं ते. पहिल्याचं तर बारसंच झालं नव्हतं. त्याला ती नुसतं "बाळा" म्हणाली.